वेब एपीआय शिकायचंय? पहिली रिक्वेस्ट ब्राउझरमधूनच करा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

"एपीआय म्हणजे नेमकं काय आणि सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न इथे दर थोड्या दिवसांनी येतो. उत्तरं बहुतेकदा एकाच वळणाची असतात: आधी पायथन शिका, मग रिक्वेस्ट्स लायब्ररी टाका, मग पोस्टमन (रिक्वेस्ट पाठवून बघायचं अॅप) उतरवून घ्या. हा क्रम मला पटत नाही. नवशिक्याचा अर्धा उत्साह इन्स्टॉलेशनमध्येच संपतो आणि एपीआय बाजूलाच राहतं. वेब एपीआय समजायला पहिल्या दिवशी प्रोग्रामिंग लागत नाही. लागतो तो स्वतःला खरोखर पडलेला एखादा प्रश्न, एक ब्राउझर, आणि आलेलं उत्तर ओळ न् ओळ वाचायची सवय. ही सवय कुणी लावत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात संकल्पना. एखादी वेबसाइट उघडताना ब्राउझर सर्व्हरकडे मागणी पाठवतो, ती रिक्वेस्ट. सर्व्हर पान पाठवतो, तो रिस्पॉन्स. पानात माहिती असते, शिवाय रंग, चित्रं, मेनू, जाहिराती असा डोळ्यांसाठी केलेला सगळा साज असतो. वेब एपीआयमध्ये रिक्वेस्ट तशीच जाते, त्याच एचटीटीपीवरून (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे ठरलेले नियम), पण उत्तरात साज नसतो. नुसती माहिती येते, प्रोग्रामला वाचता येईल अशा ठरलेल्या मांडणीत. आजकाल ही मांडणी बहुतेक ठिकाणी जेसन असते. विचारायची पद्धतही ठरलेली. रेल्वेच्या खिडकीवरचा आरक्षणाचा फॉर्म आठवा: गाडी क्रमांक, तारीख, कुठून, कुठे. रकाने त्यांचे, भरायचे आपण. कोणते रकाने आहेत, सक्तीचे कोणते, तारीख कशी लिहायची, हे सांगतं ते डॉक्युमेंटेशन.

आता करूनच बघू. प्रश्न माझ्या भागातला घेते. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वर, रस्ता तीसेक किलोमीटरचा. पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि वाई पर्जन्यछायेत. तर पुढच्या सात दिवसांत दोन्हीकडे किती पाऊस अपेक्षित आहे?

यासाठी ओपन-मेटिओ ही सेवा वापरू. बिगर-व्यावसायिक वापराला फुकट, खातं उघडावं लागत नाही, किल्ली म्हणजे एपीआय की लागत नाही. पत्ता मी तुकड्या-तुकड्यानं सांगते, मुद्दामच. कॉपी-पेस्ट केलं की कुठला तुकडा कशासाठी ते डोक्यात राहत नाही. टाइप अर्थातच रोमन लिपीत करायचं, ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत.

पहिला तुकडा सर्व्हरचा: एचटीटीपीएस, कोलन, दोन तिरक्या रेघा, पुढे एपीआय डॉट ओपन-मेटिओ डॉट कॉम. दुसरा तुकडा कोणत्या खिडकीवर जायचं त्याचा: तिरकी रेघ, व्ही१, तिरकी रेघ, फोरकास्ट. याला एंडपॉइंट म्हणतात. व्ही१ म्हणजे पहिली आवृत्ती. उद्या त्यांनी रचना बदलली तरी जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून आवृत्ती पत्त्यातच असते. मग प्रश्नचिन्ह, आणि त्याच्यापुढे रकाने: लॅटिट्यूड = १७.९२, लाँजिट्यूड = ७३.६६, डेली = प्रेसिपिटेशन_सम, टाइमझोन = एशिया/कोलकाता. दोन रकान्यांच्या मधे अँपरसँडचं चिन्ह. मोकळी जागा कुठेही नाही. प्रेसिपिटेशन_सम म्हणजे दिवसभराच्या पावसाची बेरीज. एंटर.

समोर मजकुराचा गिचका येईल. फायरफॉक्स तो आपोआप उलगडून दाखवतो. क्रोममध्ये वर 'प्रिटी-प्रिंट'ची चौकट दिसेल, तिच्यावर टिक करा. आता सावकाश वाचा.

महिरपी कंसात जोड्या आहेत, डावीकडे नाव आणि उजवीकडे त्याची किंमत. 'यूटीसी_ऑफसेट_सेकंड्स'पुढे १९८०० असेल. १९८०० सेकंद म्हणजे साडेपाच तास, म्हणजे तुम्ही दिलेला टाइमझोन पोचला. तासागणिक आकडे मागवताना हा रकाना सोडलात तर वेळा जीएमटीत येतात आणि दुपारी साडेतीनची सर तुमच्या तक्त्यात सकाळी दहाला पडते. उत्तर बिनचूक, वाचणारा मात्र फसतो. पुढे, 'लॅटिट्यूड' तुम्ही दिला होता तसाच्या तसा नसेल, थोडा हललेला असेल. हवामानाचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतं. तुमचा बिंदू ज्या चौकोनात पडला त्याचा मध्य उत्तरात येतो. 'डेली_युनिट्स'मध्ये एकक आहे, मिलीमीटर. आकडा कशाचा हे इथे कळतं, तेव्हा हा भाग ओलांडून खाली उडी मारू नका. सगळ्यात खाली 'डेली', त्यात चौकटी कंसातल्या दोन याद्या. एकीत सात तारखा, दुसरीत सात आकडे. तिसऱ्या तारखेचा पाऊस म्हणजे दुसऱ्या यादीतला तिसरा आकडा. जोडी फक्त जागेवरून लागते.

आता त्याच पत्त्यात लॅटिट्यूड १७.९५ आणि लाँजिट्यूड ७३.८९ करा. वाई. पावसाळ्यात करून पाहिलंत तर दोन याद्या शेजारी ठेवल्यावर घाट दिसतो.

यानंतर पत्ता मुद्दाम बिघडवा. लाँजिट्यूड काढून टाका, प्रेसिपिटेशनचं स्पेलिंग चुकवा, पास्ट_डेज = ७ असा नवा रकाना जोडून मागचा आठवडा मागवा. सर्व्हर कसा नकार देतो ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आपापला प्रश्न घेऊन या, इथेच मिळून सोडवू.

अबोली_फुलं

ताई, वाखुसा (वाचनखूण साठवली)! पहिल्यांदाच कुणीतरी इन्स्टॉलच्या आधी सुरुवात केली. पण मला पाऊस आला नाही. 'एरर : ट्रू' आणि 'रीझन'पुढे इंग्रजीत काहीतरी येतंय. पत्ता तीनदा तपासला, स्पेलिंग बरोबर आहे. फोनवरून करतेय.

कृष्णाकाठ

अबोली, फोनचा कीबोर्ड मराठीवर आहे का? आकडे १७.९२ असे देवनागरी गेले असतील. आपल्याला तो आकडा दिसतो, सर्व्हरला ती नुसती अक्षरं दिसतात. कीबोर्ड इंग्रजीवर घेऊन तेवढेच आकडे पुन्हा टाका.

अबोली_फुलं

हेच होतं!! आला पाऊस. म्हणजे गुहागरचा मागवला, माझं माहेर.

कृष्णाकाठ

छान. आता त्या नकाराबद्दल सांगते, कारण तो कामाचा आहे. प्रत्येक उत्तराबरोबर तीन आकडी स्टेटस कोड येतो. पानावर दिसत नाही. संगणकावर एफ१२ दाबून 'नेटवर्क' टॅब उघडा आणि पान ताजं करा, रिक्वेस्टच्या ओळीत सापडेल. २०० म्हणजे ठीक. तुला आला असणार ४००, म्हणजे 'तुमची मागणीच मला समजली नाही'. ४ने सुरू होणारे सगळे कोड विचारणाऱ्याकडे बोट दाखवतात: ४०१ ओळख पटवा, ४०३ ओळख पटली तरी परवानगी नाही, ४०४ अशी वस्तूच नाही, ४२९ फार वेळा विचारताय, थांबा. ५ने सुरू होणारे सर्व्हरच्या बाजूचे. एवढी विभागणी पाठ असली की निम्मा वेळ वाचतो. ४०० आल्यावर तीच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, ५०३ आल्यावर थोडं थांबून पाठवण्यात आहे.

बखर

लेख चांगला आहे, पण सुरुवातीच्या मुद्द्याशी असहमत. पत्त्याच्या चौकटीतून फक्त गेट रिक्वेस्ट जाते. पोस्ट नाही, स्वतःचे हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी जादा माहिती) नाहीत. त्यामुळे नवशिक्याचा समज होतो की एपीआय म्हणजे लांबलचक पत्ता. शिवाय किल्ली लागणारं एपीआय आलं की तो किल्लीही पत्त्यात टाकतो. पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो. कर्ल (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) किंवा पायथनपासून सुरुवात केली तर हेडर, बॉडी (सोबत पाठवलेला मजकूर), मेथड (गेट की पोस्ट) हे सगळं पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर असतं.

कृष्णाकाठ

बखर, किल्लीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. जिथे एपीआय हेडरमधून किल्ली घेतं तिथे ती हेडरमधूनच द्यावी. पण पहिल्या दिवशी पाच गोष्टी एकदम समोर ठेवल्या की शिकणारा त्या पाठ करतो, समजून घेत नाही. गेट रिक्वेस्टमध्ये फक्त विचारायचं असतं. सर्व्हरवरचं काही बदलत नाही, चुकलं तरी कुणाचं बिघडत नाही, पुन्हा पाठवता येते. नवशिक्याला हीच मोकळीक हवी. पोस्ट म्हणजे काहीतरी नोंदवणं, दोनदा गेली तर दोन नोंदी. तिथे घाबरूनच हात लावावा.

पोस्टचा सराव कुणाला करायचाच असेल तर एचटीटीपीबिन डॉट ऑर्ग आहे. तुम्ही जे पाठवाल तेच तो परत दाखवतो: हेडर कोणते आले, बॉडीत काय होतं. आपण खरोखर काय पाठवलं ते समजायला याहून सोपी जागा नाही.

बखर

एचटीटीपीबिनला +१. आणि पायथनकडे वळणाऱ्यांना एक सूचना आधीच देऊन ठेवतो. रिक्वेस्ट्स लायब्ररीत टाइमआउट (किती सेकंद वाट बघायची ती मर्यादा) आपणहून दिलेला नसतो. सर्व्हरनं उत्तरच दिलं नाही तर प्रोग्राम बसून राहतो, कुठलीही एरर न देता. दर रिक्वेस्टला टाइमआउट = १० लिहायची सवय लावा. आणि जेसन उघडायच्या आधी रेझ_फॉर_स्टेटस बोलवा, म्हणजे ४०० किंवा ५०० आला तर तिथेच थांबेल. जावास्क्रिप्टवाल्यांनी लक्षात ठेवा, फेच (तिथलं रिक्वेस्ट पाठवायचं फंक्शन) ४०४ला चूक मानत नाही. रिस्पॉन्स डॉट ओके स्वतः तपासावं लागतं.

राईनकाठी

कर्लचा विषय निघालाच आहे तर सांगतो. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गना गप्पांच्या आयआरसी चॅनेलवर चलनांचे विनिमय दर दाखवायचे होते. वेबवरून दर आपोआप आणायला त्यांनी एक छोटं साधन हाती घेतलं, ते वाढत गेलं आणि १९९८ मध्ये त्याचं नाव कर्ल झालं. आज फोनपासून गाड्यांपर्यंत सगळीकडे ते आत बसलेलं आहे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ताई म्हणतात तसा तिथेही आधी स्वतःचा प्रश्न होता.

माझाही पहिला प्रश्न तोच. मी जर्मनीत असतो, घरी पैसे पाठवायचे असले की युरोचा भाव बघतो. फ्रँकफर्टर नावाचं एपीआय युरोपियन मध्यवर्ती बँकेचे संदर्भ दर देतं, किल्लीशिवाय. एक गोष्ट तिथे शिकलो. शनिवारी 'लेटेस्ट' मागवलं तरी उत्तरातली तारीख शुक्रवारची असते, कारण बँक दर फक्त कामाच्या दिवशी जाहीर करते. 'लेटेस्ट' म्हणजे आत्ताचा दर नव्हे, त्यांच्याकडचा शेवटचा. आणि हा संदर्भ दर आहे, तुमची बँक किंवा पैसे पाठवणारी कंपनी हाच देईल असं नाही.

शाळामास्तर

मी नववी-दहावीला शिकवतो. आमच्या लॅबमध्ये काही टाकायची परवानगी नाही आणि मुलांना पायथन अजून आलेलं नाही. ब्राउझरमध्ये उत्तर दिसलं, पण पुढे त्याचा आलेख काढायचा तर काय करू?

कृष्णाकाठ

सर, गूगल शीट्स चालत असेल तर प्रश्न मिटला. ओपन-मेटिओच्या पत्त्याला फॉरमॅट = सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता) हा रकाना जोडा. मग शीटच्या पहिल्या घरात बरोबरचं चिन्ह, इम्पोर्टडेटा, कंसात आणि अवतरणचिन्हांत तो पूर्ण पत्ता. आकडे घराघरांत येऊन बसतील. वरच्या एक-दोन ओळी जागेच्या माहितीच्या असतात, मग एक ओळ रिकामी, मग खरा तक्ता. आलेख त्याच्या खालून निवडा. अक्षांश-रेखांश वेगळ्या घरांत ठेवून पत्ता जोडून तयार केलात तर प्रत्येक मुलाला आपलं गाव घालता येईल. पत्त्यात बदलणारा भाग आणि न बदलणारा भाग वेगळा काढणं, प्रोग्रामिंगमध्ये नंतर हेच करायचं असतं.

जलरेखा

माझ्याकडे एक अडचण आहे. मी आमच्या गटासाठी पावसाच्या नोंदी ठेवते. पास्ट_डेज लावून मागचे पंधरा दिवस घेतले आणि हवामान खात्याच्या रोजच्या आकड्यांशी ताडून पाहिले. जुळत नाहीत. काही दिवस तर एका दिवसाचा पाऊस दुसऱ्याच दिवशी दिसतो. एपीआय चुकीचं आहे का?

कृष्णाकाठ

जलरेखा, फार चांगला प्रश्न. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत.

एक, दिवस. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात, आणि तो पाऊस ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहिला जातो. ओपन-मेटिओचा 'डेली' मध्यरात्र ते मध्यरात्र. रात्री दहाला कोसळलेला पाऊस त्यांच्याकडे आजच्या तारखेला, खात्याकडे उद्याच्या. तुझा 'दुसऱ्याच दिवशी दिसणारा' पाऊस हाच असणार.

उपाय सोपा आहे. डेली सोडून दे आणि अवरली = प्रेसिपिटेशन मागव. इथे टाइमझोन मुद्दाम देऊ नकोस, जीएमटीतच घे, कारण आपले साडेआठ म्हणजे जीएमटीचे बरोबर तीन. तासाचा आकडा हा मागच्या तासाभरातला पाऊस असतो. म्हणजे ०४:०० पासून दुसऱ्या दिवशीच्या ०३:०० पर्यंतचे चोवीस आकडे मिळवलेस की खात्याचा दिवस तयार.

दुसरी गोष्ट, एवढं करूनही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, आणि तसं जुळावं ही अपेक्षाही नको. खात्याचा आकडा एका जागी ठेवलेल्या पर्जन्यमापकातला. हा आकडा मॉडेलच्या एका चौकोनाचा. सह्याद्रीत कड्यावरचा पाऊस आणि खालच्या खोऱ्यातला पाऊस एकाच चौकोनात आले तर मधलाच काहीतरी आकडा निघतो. तुझ्या गटाच्या नोंदी प्रत्यक्ष मापकाच्या असतील तर त्या जपून ठेव. एपीआय त्यांची जागा घेऊ शकत नाही.

जलरेखा

साडेआठचं लक्षातच आलं नव्हतं! चोवीस तासांची बेरीज करून पाहिली. तारखा आता जागेवर बसल्या. आकडे कमी-जास्त आहेत, पण मोठा पाऊस दोन्हीकडे एकाच दिवशी दिसतो. मनापासून आभार.

द्राक्षवेल

राम राम. मी निफाड तालुक्यातला. द्राक्षं आहेत, थोडा कांदाही असतो. लासलगावचा कांद्याचा भाव रोज आपोआप शीटमध्ये यावा एवढीच इच्छा आहे. डेटा डॉट गव्ह डॉट इनवर बाजारभावाचं एपीआय आहे असं कळलं. नोंदणी केली, किल्लीही मिळाली. माझा पत्ता खाली देतो, दहाच ओळी येतात, आणि त्यात लासलगाव नाहीच.

[पत्त्यातली एपीआय की काढून टाकली आहे. कृपया किल्ली, पासवर्ड धाग्यावर देऊ नये. – संपादक मंडळ]

बखर

द्राक्षवेल दादा, सगळ्यात आधी तुमच्या खात्यात जाऊन नवीन किल्ली घेता येते का बघा आणि ही वापरणं बंद करा. संपादकांनी काढली हे बरं झालं, पण तेवढ्या वेळात कुणी उतरवून घेतली असेल तर आपल्याला कळणार नाही. हेच गिटहबबद्दल (कोड ठेवायची साइट). कोडमध्ये किल्ली लिहून चढवली आणि दुसऱ्या दिवशी पुसली, तरी जुन्या कमिटमध्ये (कोडच्या आधीच्या साठवलेल्या अवस्थेत) ती तशीच असते. किल्ली वेगळ्या फाइलमध्ये किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, संगणकाच्या सेटिंगमध्ये) ठेवा आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये (न चढवायच्या फाइलींच्या यादीत) नोंदवा. शीट वापरणार असाल तर किल्लीसकट ती शीट कुणाला शेअर करू नका.

कृष्णाकाठ

दादा, आता दहा ओळींचं. उत्तराच्या वरच्या भागात 'टोटल', 'काउंट', 'लिमिट', 'ऑफसेट' असे शब्द आहेत ते बघा. टोटल म्हणजे त्यांच्याकडे एकूण किती नोंदी, काउंट म्हणजे तुम्हाला आत्ता किती दिल्या. लिमिट सांगितलं नाही तर दहाच देतात. देशभरातल्या सगळ्या बाजारांच्या आणि सगळ्या मालाच्या नोंदी आहेत, त्यातल्या पहिल्या दहांत लासलगाव येणार कसं?

दोन मार्ग. लिमिट वाढवायचं आणि ऑफसेट सरकवत नेत सगळं ओढायचं, किंवा फिल्टर लावून नेमकं तेवढंच मागायचं. तुम्हाला दुसरा. त्या संचाच्या (डेटासेटच्या) पानावर रकाने भरले की पूर्ण पत्ता तयार करून मिळतो. फिल्टरचं नेमकं नाव तिथूनच उचला. राज्य महाराष्ट्र, माल ऑनियन. बाजाराचं नाव मात्र अंदाजानं लिहू नका. आधी फक्त राज्य आणि माल लावून मागवा, आलेल्या यादीत डोळ्यांनी शोधा, आणि तिथलं स्पेलिंग जसंच्या तसं घ्या. जिल्ह्याच्या फिल्टरलाही हेच लागू. छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर या जिल्ह्यांची नावं बदललेली आहेत, तेव्हा संचात कोणतं नाव आहे ते आधी बघावं.

द्राक्षवेल

ताई, नवी किल्ली घेतली. यादी आली. पण लासलगाव तीन आहेत! नुसतं लासलगाव, कंसात निफाड असलेलं एक, कंसात विंचूर असलेलं एक. कोणतं घेऊ? आणि भावाचे तीन रकाने आहेत, मिन, मॅक्स आणि मोडल. सरासरी कुठेच नाही.

कृष्णाकाठ

तिन्ही बरोबर आहेत. लासलगाव बाजार समितीचं मुख्य आवार एक, निफाड आणि विंचूरचं उपआवार वेगळं. तुम्ही माल नेता ते घ्या, नाहीतर तिन्ही वेगळ्या स्तंभांत ठेवा. मिसळू नका.

मोडल म्हणजे आपल्याकडे बाजार समितीच्या फलकावर लिहितात तो सर्वसाधारण दर, जास्तीत जास्त माल ज्या भावानं गेला तो. किमान आणि कमाल यांची बेरीज करून निम्मं केलं तर हा आकडा येणार नाही. एखादं हलकं वक्कल (लिलावातला मालाचा एक वाटा) अगदी कमी भावानं गेलं की किमान खाली जातो, सर्वसाधारण जागेवरच असतो. दर रुपये प्रति क्विंटल आहेत. किलोचा हवा असेल तर शंभरनं भागा.

तारखेचा रकाना दिवस/महिना/वर्ष असा येतो. साठवताना वर्ष-महिना-दिवस असा उलटा करून ठेवा. नाहीतर शीट त्याला नुसता मजकूर समजून क्रम लावते आणि सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकाखाली एक येतात. आणि हा संच चालू दिवसाच्या भावांचा आहे, म्हणून रोज ओढून स्वतःकडे साठवावा लागेल. मागची वर्षं हवी असतील तर त्याच संकेतस्थळावर वाणवार दैनिक भावांचा वेगळा संच आहे.

अबोली_फुलं

परत मीच. पावसानंतर हुरूप आला म्हणून मराठी विकिपीडियाचं एपीआय उघडलं. दोन गोष्टी कळल्या नाहीत. पत्त्यात 'पुणे' लिहिलं, कॉपी करून मैत्रिणीला पाठवलं तर त्याची टक्केचिन्हांची माळ झाली. आणि उत्तरातही मराठी नाहीच, उलटी तिरकी रेघ, यू आणि आकडे.

राईनकाठी

अबोली, दोन्ही ठिकाणी मराठीच आहे, फक्त वेश वेगळा. पत्त्यात मुळात रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हंच चालतात. बाकी सगळं बाइट्समध्ये मोडून प्रत्येक बाइटपुढे टक्केचिन्ह लावतात. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची प्रचलित पद्धत) तीन बाइट लागतात. पुणे म्हणजे प, उकार, ण, मात्रा अशा चार खुणा, बारा बाइट, एकूण छत्तीस अक्षरांची माळ. 'प'ची माळ ई०, ए४, एए अशी दिसेल. आपली लिपी नेहमी ई०नंच सुरू होते, एवढं ध्यानात ठेवलं तर माळेत मराठी आहे हे लगेच ओळखू येतं. ब्राउझर हे स्वतःच करतो, प्रोग्राममध्ये लायब्ररीकडून करून घ्यायचं, हातानं नाही.

उत्तरातलं यू ०९२ए म्हणजेही 'प'च. जेसन वाचणारा कुठलाही प्रोग्राम त्याचं पुन्हा 'प' करतो. डोळ्यांनी वाचायचं असेल तर फॉरमॅटव्हर्जन = २ जोडा, सरळ देवनागरी येईल.

बखर

विकिपीडियाबद्दल दोन भर. प्रोग्राममधून मागताना यूजर-एजंट हेडरमध्ये आपली ओळख आणि संपर्क द्या, तशी त्यांची अट आहे. आणि अॅक्शन = क्वेरीनं नसलेलं पान मागितलं तरी स्टेटस २००च येतो, आत 'मिसिंग' लिहिलेलं असतं. स्टेटस बघून पुढे गेलात तर रिकामं पान खरं धरून चालाल.

अबोली_फुलं

मिसिंग! मला तेच येतंय. 'वऱ्हाड' एकदा टाइप केलं तर सापडतं, जुन्या फाइलमधून चिकटवलं तर मिसिंग. दोन्ही शब्द शेजारी ठेवले, तसूभर फरक दिसत नाही.

कृष्णाकाठ

अबोली, फरक आतमध्ये आहे. ऱ्ह दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ह. दुसऱ्या, जुन्या कीबोर्डांवर रुळलेल्या पद्धतीत साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाची न दिसणारी खूण आणि मग ह. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. सर्व्हर बाइट जुळवतो. तुझ्या फाइलमधले शब्द एपीआयला पाठवण्याआधी र + हलन्त + झेडडब्ल्यूजे शोधून त्या जागी ऱ + हलन्त घाल. तऱ्हा, गुऱ्हाळ, दऱ्या, सगळ्यांना हेच करावं लागेल. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी हा बदल पहिल्या पायरीलाच करून घ्यावा. नंतर कुठे अडलं ते शोधता शोधता दिवस जातो.

द्राक्षवेल

ताई, शीट तयार झाली. तिन्ही आवारांचे तीन स्तंभ, तारीख उलटी करून. रोज संध्याकाळी ओढतो. एक शंका: एखाद्या दिवशी विंचूरची ओळच येत नाही. तिथे शून्य भरू का?

कृष्णाकाठ

नाही दादा, घर रिकामं ठेवा. शून्य भरलात तर त्या दिवशी कांदा फुकट गेला असा अर्थ होतो आणि महिन्याची सरासरी खाली येते. ओळ नाही याचा अर्थ एकतर लिलाव बंद होते किंवा नोंद अजून चढलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पुन्हा ओढून बघा. तरीही नसेल तर शेजारच्या स्तंभात 'नोंद नाही' लिहा, आणि समितीकडून लिलाव बंद असल्याचं कळलं तर तेही कारण तिथेच टिपा.